डबीवरची पिशवी

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या मंडळाच्या आदरणीय ज्योतीताई निकम, व्यासपीठावर विराजमान पाहुणे मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती डॉक्टर अश्विनी देवरे, त्यांच्या दवाखान्यातल्या योगिताताई, दिंडोलीहून, पांडेसऱ्याहून आणि थेट पलसाण्याहून आलेले बंधू-भगिनी, आणि दाराजवळच्या पंख्याखाली बसलेले माझे कामावरचे जोडीदार धुडकूभाऊ, तुम्हा सर्वांना श्रीरंग सखाराम गावंडे याचा नमस्कार.

माइकची वायर इथे पायात येते आहे. कोणीतरी ती बाजूला करा, नाहीतर माझ्यानंतर बोलणारा अडखळून पडेल. हां. आभारी आहे.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस, म्हणून माझ्या सुनेनं, प्रियांकानं, मला भाषण लिहून दिलं आहे. चांगलं लिहिलं आहे. डॉक्टरताईंचा हात हलका, बोलणं गोड, वगैरे. ते सगळं खरं आहे. पण ते मी वाचणार नाही, हे मला आत्ता या पायरीवर पाय ठेवताना कळलं. प्रियांका, रागावू नकोस. कागद मी नीट घडी करून खिशात ठेवला आहे.

एक आभार मात्र आधी मानतो, नंतर विसरेन. हा कार्यक्रम वरच्या हॉलमध्ये ठरला होता. ज्योतीताईंनी तो खाली आणला, कारण धुडकूभाऊंना जिना चढवत नाही. त्याबद्दल मंडळाचे आभार. पण धुडकूभाऊंना जिना का चढवत नाही? ते मला माहीत आहे. डॉक्टरताईंना माहीत आहे. धुडकूभाऊंना माहीत नाही. डॉक्टरताई परवा नाशिकला जाणार, तिथल्या दंत महाविद्यालयात शिकवायला. त्या गेल्या की ही गोष्ट जाणणारा या सुरतेत मी एकटा उरेन. आणि एकटा उरलो तर मी ती कधीच सांगणार नाही. मी स्वतःला ओळखतो.

तर थोडं मागे जावं लागेल. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये अशी विनंती.

अकरा वर्षांपूर्वी आपल्या दिंडोलीत डॉक्टरताईंची पाटी लागली. मराठीत आणि गुजरातीत, ‘होलिस्टिक दंतचिकित्सा’. आपल्यापैकी किती जणांना त्याचा अर्थ कळला होता? मला नव्हता कळला. दाताबरोबर सगळा माणूस बघायचा, हे पुढे समजलं. आधी धुडकू दाढ दाखवायला गेला आणि परत येऊन सगळ्या खात्यात सांगत सुटला, ‘‘दात दखाडाले गऊ, त ती बाई इचारस झोप कशी लागस, जेवण काय करस. मन्हं लगीन जमाडी राहिनी का काय?’’ तेव्हा धुडकू साठीचा होता. त्याचा आवाज असा की तो हायवेच्या या बाजूला बोलला की त्या बाजूचा चहावाला उत्तर द्यायचा. ज्यांनी तो आवाज ऐकला आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. ज्यांनी गेल्या चार वर्षांतच त्याला पाहिलं आहे, त्यांना वाटत असेल की हा माणूस पहिल्यापासूनच हळू बोलतो.

आम्ही दोघं पलसाण्याच्या बाजूला एका डाइंगच्या मिलमध्ये पाणी साफ करण्याच्या प्लांटवर होतो. मिलचं नाव घेत नाही, आता ती मिलही दुसऱ्याची झाली. साड्यांच्या रंगाचं पाणी आमच्याकडे यायचं, लालभडक, कधी जांभळं. मग तिथे ओझोनचं मशीन बसवलं. विजेवर गॅस तयार व्हायचा, तो पाण्यात सोडायचा, आणि पाण्याचा रंग उडून जायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किती वेळ त्या टाकीपाशी उभा राहिलो होतो. मशीन बसवायला आलेल्या माणसानं आम्हाला आठवडाभर शिकवलं. हा गॅस रंग खातो, रबर खातो, माणसाची छाती खातो. वास आला की बाहेर पळायचं. भिंतीवर एक डबी लावली. गॅस गळला की ती वाजणार आणि मशीन आपोआप बंद पडणार.

माझा स्वभाव घोर लावून घेण्याचा. मी दिवसातून दहा वेळा नळ्या बघायचो, कड्या बघायचो. नवीन येणाऱ्याला मीच शिकवायचो. हे लक्षात ठेवा, कारण मला ओझोनमधलं काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आता माझी पत्नी सरस्वती. ती पुढच्या रांगेत बसली आहे आणि मला हातानं ‘आवरा’ म्हणते आहे. आमच्याकडच्या बायकांची मशेरीची सवय तुम्हाला माहीत आहे. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि सकाळ-दुपार हिरड्यांना लावायची. हिनं चाळीस वर्षं लावली. पुढे भाकरीच्या घासाला रक्त लागायला लागलं, खालचे दोन दात हलायला लागले. प्रियांकानं तिला डॉक्टरताईंकडे नेलं. दोन-तीन वेळा जाऊन आली, आणि एक दिवस मी जेवायला बसलो असताना सांगते, ‘‘अवं, थ्या डॉक्टरीनबाईनं माह्या हिरड्याईले हवा देल्ली. ओझोन म्हंते. डबा द्याले आल्ती तवा तुमच्या मशीनच्या खोलीत आलता ना, तसाच वास.’’

माझ्या हातातला घास ताटात पडला. ज्या गॅसनं साडीचा रंग उडतो, तो माझ्या बायकोच्या तोंडात? मी चप्पल घातली आणि तसाच, खरकट्या हातानं, दवाखान्यात गेलो. सरस्वती मागून, ‘‘अवं, हात त धुवा,’’ म्हणत.

तिथे सात-आठ माणसं बसलेली होती. मी त्यांच्यासमोर ओरडलो की ही बाई माणसांच्या तोंडात गिरणीचा गॅस सोडते, उठा सगळे. तिघं उठून गेली. एक बाई तर दाताला बोळा लावलेला, तशीच निघाली. त्यातल्या कोणी आज इथे असतील तर त्यांनी मला तेव्हाच अडवायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. दोष माझा.

डॉक्टरताई बाहेर आल्या. मास्क खाली केला. त्या मला हाकलतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, ‘‘काका, तुम्ही बरोबर बोलताय. हा गॅस श्वासात जाता कामा नये. तुम्ही रोज हेच काम करता ना? मग आत या आणि माझं मशीन तपासा. काही चुकत असेल तर मी आजच बंद करते.’’

मला इतक्या मानानं कोणी काही तपासायला सांगितलं नव्हतं. मी आत गेलो. लहानसं मशीन, सुईसारखी बारीक नळी, शेजारी हवा ओढून घेणारा पाइप, उघडी खिडकी. त्यांनी सगळं दाखवलं. आणि एक सांगितलं ते मी विसरलो नाही. म्हणाल्या, ‘‘खरं काम म्हणजे हिरडीखालचं किटण काढणं आणि मशेरी सोडणं. ओझोन फार तर मदतनीस. त्याचा किती उपयोग होतो यावर आम्हा डॉक्टरांचंच अजून एकमत नाही. जो नुसत्या ओझोननं हिरड्या बऱ्या करतो म्हणेल, त्याच्याकडे जाऊ नका.’’ स्वतःच्या दुकानातल्या मालाबद्दल असं बोलणारा माणूस तुम्ही सुरतेत किती पाहिलेत?

मग मी जायला निघालो. तेवढ्यात त्यांनी योगिताताईंना फ्रीजमधून एक बाटली आणायला लावली. ओझोन मुरवलेलं तेल, हिरड्यांना लावायचं. ‘‘हेही बघून जा, काका.’’ योगिताताईंनी झाकण काढलं आणि मान वळवली. सरस्वतीनं पदर नाकाला लावला. मी बाटली नाकाशी धरली, अगदी नाकाला टेकवली, आणि म्हणालो, ‘‘याला कुठे वास आहे?’’

डॉक्टरताई म्हणाल्या, ‘‘परत घ्या.’’ परत घेतला. काही नाही. मग त्यांनी लवंगेचं तेल दिलं. ते थोडंसं आलं, लांबून आल्यासारखं.

त्या स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि त्यांचे ते प्रश्न सुरू झाले. खोकला येतो का? सकाळी घसा खवखवतो का? जोडीला कोण असतं? आणि मग, ‘‘काका, तुमच्या चपला किती दिवस टिकतात?’’ दातांच्या डॉक्टरला माझ्या चपलांशी काय करायचं, असं मला वाटलं. उत्तर सरस्वतीनं दिलं. ‘‘दोन महिन्यांत पट्टे चिरतात, बाई. पायजम्याचं इलॅस्टिक पिठावानी भुगा होते. मी तं त्या दुकानदाराशी तीन खेपा भांडून आली.’’

ओझोन रबर खातो. हे मीच सगळ्यांना शिकवत होतो. गॅसनं माझं नाक मेलं होतं, पण माझ्या पायातली चप्पल वर्षभर मला तेच सांगत होती.

मग त्यांनी विचारलं, ‘‘गळती झाली तर कळायला काही सोय नाही का तिथे?’’ मी म्हणालो, आहे की. भिंतीवर डबी आहे. वर्षभरात एकदाही वाजली नाही. आणि हे मी, तुमची शपथ, अभिमानानं म्हणालो. त्यांनी विचारलं, ‘‘का नाही वाजली?’’

तुम्ही सुरतेत राहता. तुम्हाला विचारतो, साडीच्या पॅकिंगच्या पिशवीत आपण काय ठेवत नाही? टीव्हीचा रिमोट, रेशनकार्ड, पावसात मोबाइल. हे बघा, टेबलावर डॉक्टरताईंना द्यायची साडी ठेवली आहे, तिच्यावर आहे तीच पारदर्शक पिशवी. मिलमध्ये आम्ही प्रत्येक मीटरला, प्रत्येक बटणाला ती घालायचो. पाण्याचं काम, सगळीकडे दमट. त्याच्या आदल्या वर्षीच्या श्रावणात ती डबी सारखी वाजायला लागली. वाजली की मशीन बंद, मशीन बंद की लाल पाणी तुंबायचं, आणि सगळं रंगखातं हात बांधून उभं. सुपरवायझरनं फोनवर कोणाला तरी विचारलं आणि मला सांगितलं, ‘‘काका, भेज लागे छे, बीजुं कंई नथी.’’ दमटपणा, दुसरं काही नाही. मी काय केलं? मला त्या डबीचा घोर लागला. बिचारी भिजते. मी साडीची एक कोरी पिशवी घेतली, डबीवर चढवली, आणि खालून दोऱ्यानं गच्च बांधली. दोन गाठी मारल्या. डबी गप्प झाली. मी म्हटलं, बरी झाली.

मला कोणी बांधायला सांगितलं नव्हतं. डबी खोटी वाजत नव्हती, खरी वाजत होती. आणि मी तिचं तोंड बांधलं.

पुढच्या मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह झाला. सात महिने एकही अलार्म नाही म्हणून माझा सत्कार झाला. हार, नारळ आणि स्टीलचा एक उंच ग्लास, त्यावर माझं नाव कोरलेलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात मोठ्यानं कोण वाजवत होतं? तोच, जो आत्ता त्या पंख्याखाली बसला आहे. तो दिवसभर मशीनच्या खोलीत बसायचा. का बसायचा? तिथे मशीनसाठी एसी होता. मी बाहेर टाक्यांवर फिरायचो आणि त्याला म्हणायचो, तू माझ्यापेक्षा थकलेला आहेस, तू आत थंड्यात बस. तेही मीच म्हणायचो.

डॉक्टरताईंनी सगळं ऐकलं. त्या दोनच वाक्यं बोलल्या. ‘‘आधी जाऊन ती पिशवी काढा. मग धुडकूकाकांना सांगा.’’

पहिलं मी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खोलीत गेलो आणि गाठी सोडल्या. पिशवी हातात आली तोच डबी वाजायला लागली. मशीन बंद पडलं. धुडकू स्टुलावर बसून डब्यातली भाजी हुंगत होता. ‘‘काय व्हयनं रे श्रीरंग, तोंड असं का करी राहिना?’’ मी त्याला दंडाला धरून बाहेर ओढला. पिशवी मी खिशात कोंबली. मशीनवाले आले, त्यांना एका सांध्याचा रबर बिस्किटासारखा चुरलेला सापडला. सगळे म्हणाले, सांध्याची चूक. आणि सगळे म्हणाले, काकांनी धुडकूचा जीव वाचवला.

मी काही बोललो नाही.

डॉक्टरताई स्वतः धुडकूला छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. म्हणाल्या, मी दातांची, हे माझं काम नाही, पण मी सोबत येते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की छाती बिडीनं आधीच खराब होती, गॅसनं आणखी बिघडली, कोणाचा वाटा किती ते सांगता येणार नाही. मी चार वर्षं त्या बिडीच्या आड लपलो आहे. धुडकू दम्याचा पंप ओढतो, दोन वाक्यं बोलून थांबतो, आणि तिसऱ्या वाक्यात सांगतो की श्रीरंगनं मला हाताला धरून बाहेर काढलं. आज इथे येतानाही रिक्षावाल्याला सांगितलं. मी बाजूला बसून रस्ता बघत होतो.

माझं नाक अर्धं परत आलं. चहाचा वास येतो, उदबत्तीचा येत नाही. सरस्वतीच्या हिरड्यांतलं रक्त थांबलं, हलणाऱ्या दोन दातांपैकी एक राहिला, एक गेला. ओझोननं झालं की किटण काढल्यानं? डॉक्टरताई म्हणाल्या, ‘‘तुमच्या बायकोनं मशेरीचा तवा भंगारात दिला, त्यानं झालं.’’ तेव्हापासून आमच्या घरी चौघांचे चार ब्रश आहेत. ते कशात उभे असतात माहीत आहे? माझ्या नावाच्या त्या स्टीलच्या ग्लासात. प्रियांकानं ठेवले, तिला काय ठाऊक. रोज सकाळी मी ब्रश उचलतो आणि आपलं नाव वाचतो.

दर सहा महिन्यांनी मी डॉक्टरताईंकडे दात साफ करून घ्यायला जातो. मी खुर्चीत आडवा, तोंड उघडं, आत आरसा आणि ती टोकदार पट्टी, आणि वरून त्या हळूच विचारतात, ‘‘काका, सांगितलं का?’’ अशा वेळी माणूस काय उत्तर देणार? मी नुसतं ‘आ’ करायचो. चार वर्षांत आठ वेळा विचारलं. एकदाही रागावल्या नाहीत, एकदाही दुसऱ्या कोणाला बोलल्या नाहीत. मागच्या महिन्यात शेवटचं साफ केलं तेव्हा त्यांनी विचारलंच नाही. तोंड धुवायला पाणी दिलं आणि म्हणाल्या, ‘‘या, काका.’’ ते मला फार लागलं. विचारणं संपलं म्हणजे माझ्याकडून त्यांची अपेक्षा संपली, असं मला वाटलं. वाटलं ते चुकीचंही असेल. डॉक्टरताई मान हलवताहेत. असो.

ती पिशवी मी टाकली नाही. खिशात आणली आहे, प्रियांकाच्या कागदाबरोबर. ही. दोऱ्याच्या गाठीचा चुरगळा अजून दिसतो.

धुडकू, आता तुझ्याशी बोलतो. डबीवर ही पिशवी मी घातली होती. सांध्यानं गॅस सोडला, पण सोळा महिने तुला कळू दिलं नाही ते मी. तुला आत बसवलं ते मी. आणि तुला बाहेर काढलं म्हणून तू जे सांगत फिरतोस, ते आजपासून सांगू नकोस. नाही, उठू नकोस. उठलास तर दम लागेल. योगिताताई, त्याचा पंप त्याच्या वरच्या खिशात आहे. हां, पाणी द्या. बोलू नकोस, आत्ता काही बोलू नकोस.

अध्यक्ष महोदया, मी वेळ फार घेतला. डॉक्टरताई, तुमच्या सत्काराच्या दिवशी हे काढलं, तुमच्या सोहळ्याला डाग लावला. पण आठ वेळा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याएवढंच माझ्याकडे तुम्हाला द्यायला होतं. सांगितलं, ताई. नाशिकच्या पोरांना दात शिकवाल तेव्हा चपलांबद्दल विचारायलाही शिकवा. तुमचे उपकार आहेत आमच्या घरावर, आमच्या जेवणाच्या प्रत्येक घासावर.

मंडळाचे, पाहुण्यांचे, आणि चहा थंड होत असूनही बसून राहिलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर तुम्ही सगळ्यांनी ते पोटात घालावं. ही विनंती धुडकूला नाही. त्यानं काय करायचं ते त्याचं त्यानं ठरवावं, आजच ठरवावं असंही नाही. मी आता खाली उतरतो आणि त्याच्या शेजारी जी खुर्ची रिकामी आहे तिच्यावर बसतो. तो उठून दुसरीकडे बसायला निघाला, तर कोणी त्याला थांबवू नका. फक्त हळू चालू द्या.

नमस्कार.